दिवसा झोपणारे सर

आमच्या घरमालकांना अख्खा मोहल्ला ‘घुबड सर’ म्हणायचा. खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागं. तोंडावर म्हणायची सोयच नव्हती, कारण त्यांचं तोंड दिसायचं ते दिवेलागणीला. सगळी माणसं कामधंद्यावरून घरी येऊन चपला काढत असायची, तेव्हा हे ओट्यावर उभे राहून दात घासत असायचे. समोरून कोणी आलं की तोंडातला फेस सांभाळत विचारायचे, "काय बाप्पा, झाली का सकाळ?" पहिल्या दिवशी मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. पुढं दोन वर्षं त्या घरात काढली तरी ते मत मी पूर्ण बदललं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला ते घर होतं. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला मूर्तिजापूरकडून आले होते. बाबा मला सोडायला आले, तेव्हा भर दुपार होती आणि घरमालक आत झोपलेले होते. बाबांनी खोली पाहिली, नळ सोडून पाहिला आणि म्हणाले, "घर चांगलं आहे. मालक झोपेल आहे, म्हणजे कटकट नाई." बाबा बिचारे परत गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात बोलावून नियम सांगितले.

"दिवसा नळ जोरात सोडायचा नाई. दार आपटायचं नाई. अन् कुकर तर लावायचाच नाई. शिटी झाली का सर उठतात, अन् उठले का दिवसभर डोकं खातात."

त्या घरातला कुकर पहाटेच शिट्ट्या देऊन मोकळा व्हायचा. सर कामावरून यायच्या आत वरण-भात, पोळ्या, भाजी सगळं उरकलेलं असायचं. उजाडताना ते जेवायचे, ते त्यांचं रात्रीचं जेवण. मग काकू, त्यांची मुलगी मंजू आणि मी दुपारी तेच गार अन्न खायचो. गार वरण मला अजून घशाखाली उतरत नाही.

त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली सुजलेला होता. साधासुधा नाही, चांगलाच. हत्तीपाय म्हणतात तो. कातडी जाड झालेली, घोट्याशी घड्या पडलेल्या. त्या पायासाठी चांभाराकडून टायरची एक रुंद चप्पल करून घेतली होती, दुसऱ्या पायात बाजारातली साधी. उठल्यावर चहाच्या आधी पाय धुणं. साबण लावायचा, हलक्या हातानं धुवायचा, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं बोटाबोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. देवपूजा करणारा माणूसही इतकं मन लावून करत नसेल. एकदा मी तोंडाळपणानं म्हटलं, "सर, लयच लाड आहेत पायाचे." ते म्हणाले, "लाड नाई व. याले जखम झाली का हा मले घेऊन जाईन. म्हणून याच्यापुढं वाकतो." आणि हसले. हसताना ते चांगले दिसायचे.

पाय धुऊन झाला की हाक मारायचे, "मंजे, पाय दाखव." मंजू तेव्हा दहावीला होती. ती तोंड वाकडं करून ओट्यावर उभी राहायची, सलवार जराशी वर ओढायची. सर खाली बसून तिच्या दोन्ही नडग्यांवर अंगठा दाबायचे, सोडायचे, खड्डा पडतो का पाहायचे. शाळेत काय झालं, पेपर कसा गेला, काही विचारणं नाही. पाय पाहिला की बापाचं काम झालं. मैत्रिणी दिसल्या की पोरगी लाजेनं मरायची. एकदा मला म्हणाली, "ताई, आमच्या घरी बाबा नाईत. बाबाची झोप आहे फक्त." मंजूचे पाय पाहून झाल्यावर एकदा सरांनी माझ्याकडं पाहिलं, "तूही दाखव, पोरी." मी म्हटलं, "माझे बाबा पाहतील माझे पाय, तुम्ही राहू द्या."

पण हा माणूस दिवसा झोपायचा का, हे मला पुढं कळलं.

ते मुळात विज्ञानाचे शिक्षक. चांगल्या हायस्कुलात होते, पोरं त्यांच्या तासाला पळून जात नसत. आणि आता कुठं होते, तर कापसाच्या एका जिनिंगवर रात्रीचे चौकीदार. सरकी आणि रुईच्या ढिगांमधून हातात बॅटरी घेऊन फिरायचे. नोकरी गेली नव्हती. यांनीच सोडली होती, हातानं, राजीनामा लिहून.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले. आम्हाला त्या दिवशी हत्तीरोगाचं शिकवलं होतं. मी सहज म्हटलं, "सर, या रोगाचं रक्त रात्रीच का घेतात हो? आमच्या मॅडमनं नुसतं लिहून दिलं." झालं. माणूस दात घासायचा ब्रश हातात घेऊन खालीच बसला. फळा नव्हता, तर ओल्या ब्रशानं ओट्याच्या फरशीवर आकृती काढायला लागला.

"हे पाह्य. मोठे जंत आत बसतात, अंगातल्या पाण्याच्या नळ्याइत. त्याइची पिल्लं फिरतात रक्तात. आता पिल्लाले दुसऱ्या माणसाच्या अंगात जायचं आहे. पण पाय नाई, पंख नाई. मच्छर हेच त्याची एसटी. अन् हा आपल्या नालीतला मच्छर चावते रात्री. म्हणून पिल्लं दिवसभर फुप्फुसात दडून बसतात, अन् माणूस झोपला का कातडीजवळच्या रक्तात येऊन उभे राहतात. स्टँडवर उभं राहावं तसे."

"त्यांना कसं कळतं?"

"कळत काहीच नाई. जे दिवसा बाहेर आले त्याइले एसटी भेटली नाई, त्याइचा वंश बुडाला. रात्री येणारे तेवढे उरले. असं करत करत हजारो वर्षं माणूस, मच्छर अन् जंत एकमेकाले घडवून राहिले. आपलं अंग पाहून तो बदलला, त्याले पाहून आपलं रक्त बदललं. पण तो आपल्यापेक्षा पक्का. त्याले आपली झोप तोंडपाठ आहे, अन् आपल्याले त्याचं नावही माईत नाई."

मग आवाज खाली आणून त्यांनी पुढचं सांगितलं. जो माणूस रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो, त्याच्या अंगातल्या जंतांची पिल्लंही वेळ बदलतात. थोड्याच दिवसांत ती दिवसा बाहेर येऊ लागतात. हे त्यांनी एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं.

"म्हणून मी झोपच पलटवली," सर म्हणाले. "आता ते दिवसा स्टँडवर येतात, अन् दिवसा एसटीच नसते. माह्या अंगातलं माह्या पोरीच्या अंगात जाईन कसं? सांग तू."

मी त्या ओल्या फरशीकडं पाहत राहिले. पोरीला आपला रोग लागू नये म्हणून या माणसानं दिवस सोडून दिला होता. शाळा, पोरं, पगार, मान, सणवार, दुपारचा गप्पांचा अड्डा, सगळं. मंजू तेव्हा पहिलीत होती म्हणे.

काकूंचे भाऊ समजवायला आले होते. "भाटवे, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" सर म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे. पाय नाई."

मी वाद घातला, घालणारच. म्हटलं, गोळ्या असतात ना याला? ते म्हणाले, घेतल्या तर. पाय सुजला त्याच वर्षी डॉक्टरनं दिल्या. पहिल्याच रात्री ताप चढला, हुडहुडी, ओकाऱ्या. जंत मरतात तेव्हा असं होतं. सर तापात कण्हत आनंदानं म्हणत होते, "मरून राहिले, मरून राहिले." काकूंनी ऐकलं ते एवढंच. रात्रभर त्या उशाशी बसून देवाचा धावा करत होत्या. सरांनी गोळ्या पुऱ्या केल्या, पण त्यांचा भरवसा बसला नाही. मोठे जंत आत वर्षानुवर्षं जगतात, एखादा वाचला असला तर पुन्हा पिल्लं काढणार. मच्छरदाणी होतीच, तिघांनाही होती. पण मच्छरदाणीला भोकं पडतात आणि पोरं झोपेत पाय बाहेर काढतात. सरांच्या झोपेला भोक पडत नव्हतं.

हत्तीरोगवाले अंधार पडल्यावर गल्लीत येऊन लोकांची बोटं टोचून रक्त घ्यायचे. एकदा सर जिनिंगवर निघाले असताना त्यांनाच गाठलं. रिपोर्ट आला, काही नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सुटलो. सरांनी मोहल्ल्यात रेवड्या वाटल्या, पण भलत्याच कारणानं. "रात्री निघाले नाईत! म्हणजे दिवसाचे झाले!" मी म्हटलं, "सर, मग दिवसा घेऊ ना रक्त, तुम्ही झोपलेले असताना. मीच घेते." त्यांनी हात झटकला. "झोपेत सुई टोचली का झोप मोडते. झोप मोडली का त्याइची वेळ बिघडते. मले खातरी आहे." खात्री असलेल्या माणसाला तपासणारी मी कोण?

कोर्स संपला. मला अमरावतीत राजापेठेला एका लॅबमध्ये काम मिळालं. वरच्या मजल्यावर ट्यूशन क्लास, खाली आम्ही. दिवसभर गाड्यांचे हॉर्न आणि लघवीच्या बाटल्या. मंजूचंही पुढं अमरावतीतच लग्न झालं. मी गेले होते लग्नाला. लग्न दिवसाचं, त्यामुळं सर मांडवात डोळे ताणून बसले होते आणि अक्षता टाकताना डुलकी लागली. व्याही मंडळी हसली. मंजू हसली नाही.

मग एका सकाळी सर आणि मंजू लॅबच्या दारात. सर उन्हात उभे, डोळे बारीक केलेले, हातात पिशवी. मी त्यांना भर उन्हात पहिल्यांदाच पाहत होते. ते एवढे म्हातारे कधी झाले, हे संध्याकाळच्या उजेडात आणि मांडवाच्या सावलीत दिसलंच नव्हतं. मंजूनं साडी जराशी वर उचलली. डावा पाय. घोटा दिसत नव्हता.

"सासरी म्हणाले, इलाज होईस्तोवर माहेरी राहा," ती म्हणाली. "इलाज होते का ताई याचा?"

मला खोटं बोलता येत नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. जंत मारता येतात, सूज आवरता येते, पण झालेला पाय पहिल्यासारखा होत नाही. ती मान हलवून बाकावर बसली. बापापासून लांब, दुसऱ्या टोकाला.

सर म्हणाले, "माहं रक्त घे. आता. दिवसा."

आत रक्त घ्यायच्या खोलीत एक बाकडं होतं. त्यावर ते झोपले. झोप येईना. वर क्लास सुटला, पोरांनी गाड्या सुरू केल्या, हॉर्नवर हॉर्न. ज्या माणसासाठी एका घरानं वर्षानुवर्षं दिवसा कुकर लावला नाही, तो राजापेठेत भर दुपारी झोपायला पाहत होता. शेवटी डोक्यावरून दुपट्टा घेतला आणि बऱ्याच वेळानं घोरायला लागले. मी बोट टोचलं. उठले नाहीत.

काचेवर काही नव्हतं. दुसरी काच केली. काही नाही. डॉक्टरांना दाखवली. मंजूचं पुढं रात्री घेतलं, तेही रिकामंच निघालं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, काचा पाहून पाहून असेल.

सर उठले आणि पोरं मार्क विचारतात तसं विचारलं, "किती निघाले?"

"एकही नाही, सर."

"नीट पाह्यलं?"

"मी पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं."

सर हळू म्हणाले, "म्हणजे तवाच्या गोळ्याइनंच मेले व्हते. सगळे."

"असेल सर. आणि तसंही, ज्याचा पाय असा सुजतो त्याच्या रक्तात बहुतेक सापडतच नाहीत."

"म्हणजे मी तवापासून…"

इतकी वर्षं हा माणूस रिकाम्या स्टँडवर पहारा देत होता. मला त्यांचा राग आला, स्वतःचाही, त्या जुन्या पुस्तकाचाही. पुस्तकात जे होतं ते खरंच होतं, हे आणखी वाईट.

मग त्यांनी मान वर केली. "मंजूले आलं कोठून? आपल्या घरात अजून एक जण आहे."

त्या शनिवारी मी अकोल्याला गेले. काकूंचं रक्त रात्रीच घ्यावं लागणार होतं. जेवणं झाल्यावर मी सुई काढली तर काकू हसल्या. "मले काय झालं व? पाह्य माहे पाय, तांब्यासारखे. कधी ठणकासुद्धा लागला नाई." बोट पुढं करताना त्या सहज बोलत होत्या. मी विचारलं, "दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी वाटायला येतात, त्या खाल्ल्या ना काकू?"

"कायच्या खातो! त्या गोळीनं हा माणूस मरता मरता वाचला. रात्रभर ‘मरून राहिलो’ म्हणत व्हता. ते बाई दुपारी येते, समोर खा म्हणते. मी सांगतो, हळू बोल माय, सर झोपले आहेत, आज उपास आहे, उद्या खातो. गोळी खाल्ल्याची शाई बोटाले लावून घेतो. गोळ्या देवाजवळ ठेवतो, अन् निर्माल्यासंगं मोर्णेत सोडतो. मंजूच्याही. लेकराच्या तोंडात इख घालू का मी?"

त्या हे अभिमानानं सांगत होत्या. आतल्या खोलीत मंजू पडून होती. सर कामावर गेले होते. दर वर्षी ती बाई दुपारी दारात यायची, आणि दर वर्षी भिंतीपलीकडं हा विज्ञानाचा मास्तर गाढ झोपलेला असायचा. कोणी जोरात बोललं असतं तरी पुरलं असतं. पण जोरात बोलायला त्या घरात बंदी होती.

सकाळी ओळखीच्या एका लॅबमध्ये बसून मी काच रंगवली. सर जिनिंगवरून थेट तिथंच आले, हातात बॅटरी तशीच. मी सूक्ष्मदर्शकापासून उठले. ते खुर्चीत बसले, डोळा लावला.

काच भरलेली होती. जांभळ्या रंगातली ती पिल्लं, बारीक, वळणं घेतलेली, एकेका जागी दोन दोन.

"हा का तो," सर म्हणाले. "आयुष्यभर फळ्यावर काढला. पाह्यला आज."

खूप वेळ पाहिलं त्यांनी. मी आदल्या रात्री काकूंनी सांगितलेलं गोळ्यांचंही सांगून टाकलं. ते डोळा न काढता ऐकत होते.

"किती सुखात आहेत," ते म्हणाले. "पाह्य ना. जे अंग भांडते त्याचा पाय सुजते. माहं अंग भांडलं. मंजूचं भांडलं. इचं अंग भांडलंच नाई. सोसून घेतलं सारं. म्हणून इथं ते नांदून राहिले. त्याइले अशीच माणसं लागतात. हजारो वर्षं शोधून शोधून त्याइनं अशी माणसं काढली."

"सर, मंजूला काकूंपासूनच झालं असं नाही. सगळ्या गल्लीत आहे. कोणाचा मच्छर कोणाला चावला हे सांगणारी काच अजून निघाली नाही."

"तुले समजते. मले समजते. मंजूच्या मायले समजीन का?"

मी रिपोर्टचा कागद पुढं ओढला.

"तिले सांगू नको," सर म्हणाले.

इथं माझा तोल गेला. म्हटलं, "सर, तिचं रक्त आहे, तिचा रिपोर्ट आहे. तिला औषध द्यायचं आहे. लपवून कसं चालेल?"

"औषध देऊ ना. डॉक्टरशी मी बोलतो, त्याइले सारं सांगतो. डॉक्टरच्या देखत देऊ. तिले सांगू, ताकदीच्या गोळ्या आहेत, पोरीचं कराले ताकद लागते. माह्या हातची खाईन ते. ताप आला तर मी उशाशी बसतो, तिची पाळी झाली, आता माही." मग माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते, रात्रभर जागलेल्या माणसाचे असतात तसे. "अन् मंजूचं विचारलं तर सांग, बापाकडून आलं. सारेच असं समजतात. आहे तसं राहू दे."

"आणि तुम्ही? तुम्ही तर आता रात्री झोपू शकता. सोडा ती चौकीदारी."

ते असे हसले की मला हसणं कळायला वेळ लागला. "सोडून कसं चालीन व? मी रात्री घरी झोपलो तर तुही काकू विचारीन ना, आता काहून झोपता, आता जंत कोठं गेले? मग काय सांगू?"

त्यांनी बॅटरी उचलली, काच पुसून ठेवायला सांगितली आणि घरी झोपायला गेले.

मी ऐकलं त्यांचं. बरोबर केलं का चूक, मला आजही ठरवता येत नाही. डॉक्टरांनी नाक मुरडलं, पण गोळ्या दिल्या. काकूंनी त्या खाल्ल्या. ताप आला. सर उशाशी बसले. काकू तापात त्यांनाच शिव्या देत होत्या म्हणे. नंतरच्या तपासणीत रक्त स्वच्छ निघालं, आणि त्या स्वच्छ रक्ताची गोष्टही कोणाला सांगायची सोय नव्हती.

मंजूला सासरहून बोलावणं आलं नाही.

मागच्या महिन्यात लग्नकार्यासाठी अकोल्याला गेले होते, तेव्हा दुपारी त्या घरी डोकावले. दार आपटू नये म्हणून सवयीनं हळूच लोटलं. तर आत कुकरची शिट्टी. भर दुपारी. मी चमकलेच. काकू गॅसपाशी उभ्या होत्या, भांडी आदळत होत्या.

"ये व. जोरात बोल, कोणाची भीती नाई आता. झोपते तो मेला आतमंदी. आयुष्यभर झोपला, अन् माह्या पोरीचा पाय खाल्ला." त्यांनी आवाज चढवला, आतल्या खोलीत जावा म्हणून. "बाप असून पोरीले रोग देल्ला यानं. देवानं मले काहून नाई देल्ला हा पाय? मी नसतं का सोसलं?"

मी पाणी प्यायले. मंजू मोरीजवळ बसून पाय धूत होती. बेचक्या कोरड्या करायचं फडकं तिच्या शेजारी घडी करून ठेवलेलं होतं. सर कामावरून आले की ते फडकं आणि साबण तिच्यासाठी काढून ठेवतात, ती म्हणाली. संध्याकाळी ओट्यावर शेजारी बसून धुऊ म्हणाले होते एकदा. "मी नाई बसत त्याच्यापाशी," ती म्हणाली. "आता कायले पाह्यतो पाय?"

जाता जाता मी आतल्या खोलीत डोकावले. सर भिंतीकडं तोंड करून पडले होते, सुजलेला पाय उशीवर. वाटलं, झोपलेत. मग त्यांनी मान वळवली. डोळे टक्क उघडे. किती वेळापासून उघडे होते कोण जाणे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानं मला जवळ बोलावलं. मी वाकले.

"यंदाच्या गोळ्या आल्या का?" ते कुजबुजले. "काकूले ताकदीच्या म्हणूनच दे. अन् तुह्यासमोर खाऊ घाल. मी म्हटलं तर ते आता माह्या हातचं खात नाई."

मी हो म्हटलं.

त्यांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं आणि डोळे मिटले, काकू आत आल्या तर झोपलेले दिसावेत म्हणून. बाहेर कुकरची दुसरी शिट्टी झाली.